मूळ-फिनिक ‘हात’ : एका पुनर्रचित नामाची उत्पत्ती आणि विभक्तिविचार

१

ज्या भाषेचा एकही लेख उपलब्ध नाही, त्या भाषेतील एखाद्या शब्दाचे रूप निश्चयाने सांगता येते काय, असा प्रश्न भाषेतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश यांच्या अखंड लिखित परंपरेत वाढलेल्या मराठीच्या अभ्यासकाला तर तो अधिकच तीव्रतेने जाणवतो. ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’ ही साखळी ग्रंथांतून दाखविता येते. तेथे कल्पनेचे साहाय्य फारसे घ्यावे लागत नाही. फिन्निश, एस्टोनियन, कारेलियन, वेप्स, वोतिक, लिवोनियन इत्यादी फिनिक भाषांची स्थिती याच्या अगदी उलट आहे. या गटातील सर्वांत जुना ज्ञात लेख म्हणजे नोवगोरोद येथे १९५७ साली सापडलेले, तेराव्या शतकाच्या आरंभीचे, भूर्जाच्या सालीवरील चार ओळींचे लहानसे पत्र होय. फिन्निशमधील छापील वाङ्मय मिकाएल आग्रिकोला याच्या १५४३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या बालबोध पुस्तकापासून सुरू होते. उलट, या सर्व भाषांची जननी जी मूळ-फिनिक भाषा, ती इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे बोलली जात असावी, असे साधारणतः मानतात. म्हणजे मधली हजार-बाराशे वर्षे अक्षरशून्य आहेत.

असे असूनही मूळ-फिनिकमध्ये ‘हात’ या अर्थी *कॅत्सि हे नाम होते आणि त्याची षष्ठी *कॅदेन अशी होत असे, हे विद्वान बऱ्याच निश्चयाने सांगतात. या निश्चयाचा आधार कोणता, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. शब्दाची उत्पत्ती आणि त्याची विभक्तिरूपे या दोन वेगळ्या साक्षी आहेत. त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि एकीचे काम दुसरीकडून करून घेतल्यास निर्णय चुकतो, हे या एका नामाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

लेखनाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. तारांकित रूपे पुनर्रचित आहेत, म्हणजे कोणत्याही लेखात न आढळणारी, अनुमानाने सिद्ध केलेली आहेत. ‘कॅ’मधील स्वर ‘बॅट’मधल्यासारखा समजावा. *कॅत्सि यातील ‘त्स’ हा एकच वर्ण असून तो ‘चाक’ या शब्दातील दंत्य चकारासारखा आहे. मराठीत इकारापूर्वी चकार तालव्यच उच्चारला जातो, म्हणून येथे तो ‘त्स’ असा लिहिला आहे. *कॅदेन यातील दकार मूळ-फिनिकमध्ये घर्षक होता. हंगेरियन शब्दांतील झकार ‘माझा’मधल्याप्रमाणे दंत्य आहे.

२

आधुनिक फिन्निशमध्ये या नामाची रूपे पुढीलप्रमाणे आढळतात. प्रथमा एकवचन कॅसि, षष्ठी कॅदेन, अंशवाचक विभक्ती कॅत्तॅ, ‘हातात असणे’ या अर्थी कॅदेस्सॅ, ‘हातात येणे किंवा घेणे’ या अर्थी प्रवेशवाचक कॅतेएन, ‘हात म्हणून, हाताच्या रूपाने’ या अर्थी स्थितिवाचक कॅतेनॅ. अनेकवचनाची प्रथमा कॅदेत, पण ‘हातांत’ याला कॅसिस्सॅ आणि स्थितिवाचकाला कॅसिनॅ. एस्टोनियनमध्ये प्रथमा कॅसि, षष्ठी कॅए, अंशवाचक कॅत्त, प्रवेशवाचक कॅत्ते. वेप्समध्ये प्रथमा कॅझि, तर वोतिकमध्ये आद्य ककार तालव्य होऊन त्शॅसि असे रूप झाले आहे.

नवशिक्याला हा सारा गोंधळ वाटणे स्वाभाविक आहे. एकाच नामात कोठे सकार, कोठे दकार, कोठे तकार, कोठे द्वित्त तकार. आणि अंती कोठे इकार, कोठे एकार. व्यवहारोपयोगी व्याकरण ही रूपे पाठ करावयास सांगते. इतिहासाचा अभ्यासक मात्र निराळा प्रश्न विचारतो : यांपैकी मूळ कोणते आणि विकार कोणता?

शब्दकोशात प्रथमेचे रूप दिलेले असते, म्हणून ‘कॅसि’ हेच मूळ मानण्याचा मोह होतो. तो मोह किती घातक आहे ते एका उदाहरणाने दाखविता येईल. ‘कॅसि’ आणि संस्कृत ‘हस्त’ या दोहोंत सकार आहे. अर्थ एक आहे. आद्य वर्णही कंठ्य म्हणता येण्याजोगा आहे. एवढ्या सामग्रीवर दोन्ही शब्दांचे नाते जुळविणारे उत्साही लोक सर्वच देशांत आढळतात. परंतु ‘कॅसि’तील सकार मुळातला नाही. तो तकारापासून झालेला आहे, आणि तोही या शब्दाच्या इतिहासात फार उशिरा. ज्या वर्णावर साम्य उभे करावयाचे, तोच वर्ण अर्वाचीन ठरल्यावर सारी इमारत कोसळते.

३

सकार अर्वाचीन आहे हे कशावरून? याचे पहिले उत्तर रूपावलीतच आहे. जेथे जेथे सकार आहे तेथे तेथे त्याच्यापुढे इकार आहे : कॅसि, कॅसिस्सॅ, कॅसिनॅ. जेथे एकार आहे तेथे तकार किंवा त्याचा दुर्बल पर्याय दकार आहे : कॅतेनॅ, कॅतेएन, कॅदेन, कॅदेत. म्हणजे ‘इकारापूर्वी तकाराचा प्रथम त्स आणि नंतर स होतो’ असा एकच नियम मानला की निम्मा गोंधळ संपतो.

आता इकार कोठून आला? प्रातिपदिक *कॅते असे एकारान्त होते. द्व्यक्षरी शब्दाच्या अंती आलेला ऱ्हस्व एकार इकार झाला, म्हणून प्रथमेत *कॅते याचे *कॅति झाले. अनेकवचनात प्रातिपदिकाला अनेकत्वदर्शक इकार लागतो आणि त्याच्यापूर्वीचा एकार लोपतो, म्हणून तेथेही *कॅति- असेच अंग तयार झाले. प्रथमेचे एकवचन आणि अनेकवचनाची इतर रूपे यांचा अर्थदृष्ट्या काहीच संबंध नाही. तरीही दोन्हीकडे सकार दिसतो, कारण दोन्हीकडे ध्वनिपरिस्थिती सारखी होती. ध्वनिनियम अर्थाकडे पाहत नाही, हे तत्त्व याहून स्वच्छ रीतीने क्वचितच दिसेल.

एकार मूळचा होता याची आणखी एक साक्ष फिन्निशच्या स्वामित्वदर्शक प्रत्ययांत मिळते. ‘माझा हात’ याला फिन्निशमध्ये ‘कॅतेनि’ म्हणतात. ‘कॅसिनि’ म्हणत नाहीत. येथेही अर्थ प्रथमेचाच आहे, परंतु प्रत्ययामुळे एकार शब्दाच्या अंती राहिला नाही. तो अंतर्गत झाला आणि म्हणून बचावला. प्रत्ययाच्या आश्रयाने प्राचीन रूप टिकले आणि उघड्यावर पडलेली प्रथमा बदलली.

क्रियापदांतही हाच नियम दिसतो. ‘ओरडणे’ या अर्थी ‘हूताअ’ या क्रियापदाचा भूतकाळ ‘हूसि’ असा होतो, कारण भूतकाळाचे चिन्ह इकार आहे. ‘वेतॅॲ’ (ओढणे) याचा भूतकाळ मात्र ‘वेति’ असा आढळतो. तेथे वर्तमानाच्या इतर रूपांच्या सादृश्याने तकार परत आला आहे. सादृश्य हा ध्वनिनियमाचा नेहमीचा प्रतिस्पर्धी होय, आणि त्याची गणना केल्याशिवाय अपवादांचा उलगडा होत नाही.

त्सकाराची मधली अवस्था केवळ सोयीसाठी मानलेली नाही. ‘एक’ आणि ‘दोन’ यांना फिन्निशमध्ये ‘युक्सि’ व ‘काक्सि’ म्हणतात, पण दक्षिण एस्टोनियामधील वोरो बोलीत ‘युत्स’ व ‘कात्स’ अशी रूपे आहेत. ‘दोन’ची फिन्निश षष्ठी ‘काह्देन’ आणि अंशवाचक ‘काह्ता’ अशी असल्यामुळे प्रातिपदिक *काक्ते- हे होते, यात संशय नाही. तेव्हा इकारापूर्वीच्या तकारापासून आलेला त्सकार या बोलीने या जोडणीत जपून ठेवला आहे, असे म्हणावे लागते. एका बोलीने गमावलेली पायरी दुसरीने राखावी, ही गोष्ट तुलनात्मक पद्धतीच्या मुळाशीच आहे.

४

रूपावलीचा उरलेला गोंधळ व्यंजनांच्या बल-दुर्बल श्रेणीने सुटतो. अक्षर स्वरान्त असेल तर त्याच्या आरंभीचे व्यंजन सबल राहते. अक्षर व्यंजनान्त असेल तर ते दुर्बल होते. कॅ-ते-नॅ येथे ‘ते’ स्वरान्त आहे, म्हणून तकार टिकला. कॅ-देन, कॅ-देत, कॅ-देस्-सॅ येथे दुसरे अक्षर व्यंजनान्त आहे, म्हणून तकाराचा घर्षक दकार झाला. हा घर्षक वर्ण पुढे बोलींत निरनिराळ्या वाटांनी गेला : पश्चिमेकडील अनेक फिन्निश बोलींत ‘कॅरेन’, पूर्वेकडे ‘कॅएन’. ग्रंथभाषेतील आजचा स्पष्ट दकार हा लेखनाच्या आणि स्वीडिश वाचनपद्धतीच्या प्रभावाने रूढ झालेला आहे. एस्टोनियन ‘कॅए’मध्ये तर त्याचा संपूर्ण लोप झाला आहे.

अंशवाचक कॅत्तॅ याची उपपत्ती सोपी आहे. -तॅ हा प्रत्यय मुळात ‘पासून’ या अर्थाचा, आपल्या पंचमीच्या जवळचा होता. तो *कॅते- या अंगाला लागताना मधला एकार गळाला आणि अंगाचा तकार प्रत्ययाच्या तकाराला भिडला. द्वित्त तकार म्हणजे एका लुप्त स्वराच्या जागी राहिलेला सांधा आहे.

खरी कसोटी कॅतेएन या रूपाची. त्यातील दुसरे अक्षर नकारान्त आहे. नियमानुसार तेथे दकार हवा, पण आहे तकार. नियम चुकीचा म्हणावा, की रूप अपवाद म्हणावे? दोन्हीची गरज नाही. मूळ रूप *कॅ-ते-हेन असे तीन अक्षरांचे होते. ‘ते’ हे स्वरान्त होते, म्हणून तकार सबल राहिला. नंतर दोन स्वरांमधला हकार लोपला, दोन एकार एकत्र आले, आणि नियमाचे कारण नाहीसे होऊनही कार्य मागे उरले. हा हकार काल्पनिक नव्हे. ‘मा’ (भूमी) या एकाक्षरी शब्दाचे प्रवेशवाचक रूप आजही ‘माहान’ असेच आहे, आणि काही बोलींत हकारयुक्त रूपे पुष्कळ शब्दांत ऐकू येतात.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. ‘घोडा’ याचे सामान्यरूप ‘घोड्या-’, पण ‘घसा’ याचे ‘घशा-’, ‘पैसा’ याचे ‘पैशा-’. येथे सकाराचा शकार यकारामुळे झाला. यकार आता ऐकू येत नाही, परंतु शकार त्याची साक्ष देत उभा आहे. घशातल्या शकारावरून जसा लुप्त यकार सिद्ध होतो, तसाच कॅतेएनमधल्या तकारावरून लुप्त हकार सिद्ध होतो.

या सर्व विवेचनावरून मूळ-फिनिक रूपावली अशी मांडता येते : प्रथमा *कॅत्सि, षष्ठी *कॅदेन, अंशवाचक *कॅत्तॅ, स्थितिवाचक *कॅतेनॅ, प्रवेशवाचक *कॅतेहेन, अनेकवचनी प्रथमा *कॅदेत, स्थितिवाचक *कॅत्सिनॅ.

५

विभक्तिरूपांवरून कालक्रम कळतो, तो असा. ‘ति’चा ‘त्सि’ होण्याचा नियम एका विशिष्ट काळी लागू होता आणि पुढे तो थांबला. ‘पूल’ या अर्थाचा फिन्निश शब्द ‘सिल्ता’ हा बाल्टिक भाषांतून घेतलेला आहे. लिथुआनियनमध्ये त्याला ‘तिल्तास’ म्हणतात. म्हणजे हा शब्द नियम चालू असताना किंवा त्यापूर्वी आला. उलट ‘वीट’ या अर्थी ‘तीलि’ हा स्वीडिशमधून आलेला शब्द तकार जसाच्या तसा ठेवतो; तो आला तेव्हा नियम केव्हाच मृत झाला होता. देशी शब्दांतही हा भेद दिसतो. ‘सोता’ (युद्ध) याचे अंशवाचक अनेकवचन ‘सोतिआ’ होते, ‘सोसिआ’ होत नाही. कारण त्यातील इकार जुन्या संयुक्त स्वरापासून नियमाची मुदत संपल्यावर उत्पन्न झाला.

*कॅत्सि हे नाम या सर्व फेरफारांतून पूर्णपणे गेलेले आहे. अंत्य एकाराचा इकार, तकाराचा त्सकार, बल-दुर्बल श्रेणी, अंशवाचकातील स्वरलोप : एकही मुद्रा त्यावर उमटावयाची राहिलेली नाही. यावरून शब्द अत्यंत जुना आहे हे सिद्ध होते. परंतु जुना म्हणजे देशी, असे म्हणता येईल काय?

येथेच सावधगिरी हवी. फिन्निशमध्ये ‘मध’ या अर्थी ‘मेसि’ हा शब्द आहे. त्याची षष्ठी ‘मेदेन’, अंशवाचक ‘मेत्तॅ’; म्हणजे रूपावली ‘कॅसि’शी रेषेरेषेने जुळते. तरी हा शब्द मूळचा त्या कुळातील नाही. संस्कृत ‘मधु’ आणि मराठी ‘मध’ ज्या भारत-युरोपीय शब्दापासून आले, त्याच शब्दाचे ते ऋण होय. आणि त्यातील एकारावरून हे ऋण, संस्कृतच्या पूर्वजभाषेत एकाराचा अकार होण्याच्या आधीच्या अवस्थेतून घेतले गेले असावे, असे सामान्यतः मानतात. त्यानंतरच्या काळी ‘शंभर’ या अर्थाचा ‘साता’ हा शब्द भारत-इराणी भाषांतून आला. संस्कृत ‘शत’ त्याचाच सोयरा. त्याची षष्ठी ‘सादान’ अशी तकाराचा दकार करूनच होते. पाहुणा इतकी शतके घरात राहिला की घरच्या सर्व चालीरीती त्याने उचलल्या. तेव्हा विभक्तिरूपे शब्दाच्या वास्तव्याचा काळ सांगतात. त्याचे कुळ सांगत नाहीत.

६

कुळाची साक्ष भगिनीभाषांकडून घ्यावी लागते. उत्तर सामी भाषेत हाताला ‘गिएह्ता’ म्हणतात, षष्ठी ‘गिएधा’; एर्झ्या-मोर्दविनमध्ये मृदू दकारान्त ‘केद्’; मारीमध्ये ‘कित’; कोमी आणि उदमुर्त यांत ‘कि’; मान्सीमध्ये ‘कात’; हंगेरियनमध्ये ‘केझ’. ही रूपे कानाला विशेष सारखी वाटत नाहीत. परंतु पुरावा सादृश्याचा नसून नियमितपणाचा असतो. फिन्निश वेसि (अंग वेते-, पाणी) याला हंगेरियन वीझ, एर्झ्या वेद्, कोमी वा. मेसि (मेते-) याला मेझ, मेद्, मा. कॅसि (कॅते-) याला केझ, केद्, कि. फिन्निश अंगातील तकारासमोर हंगेरियनमध्ये प्रत्येक वेळी झकार, एर्झ्यामध्ये मृदू दकार, कोमीमध्ये लोप. ‘साता’समोर हंगेरियनमध्ये ‘साझ’ आहे, हेही या नियमाला धरूनच आहे. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, हा संवाद ‘कॅसि’तील सकाराशी जुळत नाही, ‘कॅतेनॅ’तील तकाराशी जुळतो. विभक्तिरूपांवरून स्वतंत्रपणे काढलेले अंग आणि दूरच्या भाषांवरून काढलेले अंग एकच निघावे, हेच पुनर्रचनेचे बळ.

यावरून मूळ शब्द *कॅते असा ठरतो. सामोयेद शाखेत हाताला निराळा शब्द असल्यामुळे, पुराव्याच्या मर्यादेत राहून त्याला मूळ-फिन्नो-उग्रिक म्हणणे योग्य. ‘मेसि’ आणि ‘साता’ यांच्या बाबतीत दाता दाखविता येतो : मधु आणि शत. *कॅते या शब्दाला असा मान्य दाता सापडलेला नाही. तो पूर्वेस मान्सीपासून पश्चिमेस सामीपर्यंत पसरलेला आहे. आणि शरीरावयवांची मूलभूत नावे मध किंवा शतसंख्या यांच्याइतकी सहज उसनी घेतली जात नाहीत. या तिन्ही गोष्टी एकत्र घेतल्यावरच तो वारशाने आलेला शब्द म्हणता येतो.

७

असल्या विवेचनाला केवळ पांडित्याचे महत्त्व आहे, असे समजण्याचे कारण नाही. ३ जून १७६९ रोजी शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहण्यासाठी माक्सिमिलियन हेल या खगोलवेत्त्याबरोबर यानोश शैनोविच हा हंगेरियन धर्मोपदेशक नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळील वार्दो बेटावर गेला. तेथे त्याने सामी लोकांची भाषा अभ्यासिली आणि १७७० साली कोपनहेगन येथे ग्रंथ प्रसिद्ध करून हंगेरियन व सामी या भाषा एकच असल्याचे प्रतिपादन केले. कलकत्त्यास विल्यम जोन्स याने संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या संबंधाविषयी केलेले प्रसिद्ध व्याख्यान यानंतर सोळा वर्षांनी, १७८६ साली झाले. शैनोविचच्या देशबांधवांपैकी अनेकांना ही सोयरीक रुचली नाही. पराक्रमी पूर्वजांच्या शोधात असलेल्या सरदारवर्गाला उत्तरेकडील गरीब कोळी आणि रेनडियर पाळणारे लोक आप्त म्हणून नको होते. माशाच्या तेलाचा वास येणारे नाते, अशी त्याची हेटाळणी झाली.

या वादाचा निकाल अभिमानाने लागला नाही, आणि केवळ शब्दांच्या याद्यांनीही लागला नाही. १७९९ साली ग्यार्मथी शामुएल याने ग्यॉटिंगेन येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्याकरणाच्या, म्हणजे प्रत्यय आणि विभक्तींच्या, आधारावर हे नाते मांडले. पुढे ए. एन. सेतॅलॅ याने १८९०-९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ध्वनिइतिहासाने फिनिक व्यंजनांच्या विकारांना नियमबद्ध रूप दिले. *कॅत्सि सारख्या तारांकित रूपामागे ही परंपरा उभी आहे.

मराठीतही ‘हात’ आणि ‘हाताला’ या दोन रूपांत हाच धडा आहे. ‘हात’ ही प्रथमा झिजलेली आहे. ‘हाता-’ या सामान्यरूपातील आकारात मात्र बहुधा ‘हत्थस्स’ या प्राकृत षष्ठीचा अवशेष आहे. आपल्याला तो ग्रंथांतून पडताळता येतो, फिनिक अभ्यासकाला येत नाही. म्हणूनच त्याला रूपावलीतील प्रत्येक वर्णाकडून जबाब घ्यावा लागला. ग्रंथांची समृद्धी असलेल्या भाषांच्या अभ्यासकांनी त्या शिस्तीकडे पाहण्यासारखे आहे. कोशातील प्रथमा उचलून दूरच्या भाषेतील शब्दाशी तिचे साम्य दाखविणे सोपे असते. परंतु प्रथमा हेच पुष्कळदा शब्दाचे सर्वांत तरुण रूप असते. काळ विचारावयाचा तर विभक्तींना विचारावा, कुळ विचारावयाचे तर भगिनीभाषांना. आणि दोघींचे उत्तर एका अंगावर जुळले, तरच तारका लावून ते लिहावे.